बाबा, नातीला उचलून घ्या

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, आज स्पष्टच लिहिते. तुम्हाला झालेला सोरायसिस हा कातडीचा आजार आहे, पण तो दुसऱ्याला लागत नाही. हात लावून नाही, एका टॉवेलने नाही, एका ताटात जेवून नाही. तो जंतूंचा आजारच नाही. तरी यंदा गणपतीत आरती झाल्यावर तुम्ही खिरापतीची वाटी आईच्या हाती दिलीत आणि मागे जाऊन उभे राहिलात. पर्वती चढायला जाणं बंद, मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट. छकुली हात वर करते आणि तुम्ही तिला आईकडे पाठवता. मला ते बघवत नाही.

होतं असं की, शरीराची प्रतिकारशक्ती विनाकारण चेतते आणि कातडीला घाई करते. कातडीची पेशी तळाशी तयार होऊन वर येऊन गळायला एरवी साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये तेच काम ३ ते ५ दिवसांत उरकतं. जुन्या पेशी गळायच्या आत नव्या वर येतात, थर साचतो आणि त्याचेच पांढरे पापुद्रे तुमच्या कोपरांवर, गुडघ्यांवर, डोक्यात दिसतात. आपल्या सावळ्या अंगावर चट्टा लाल कमी, जांभळट-काळसर जास्त दिसतो.

आई, 'रक्त बिघडलंय' हे डोक्यातून काढ. तुझ्या लोणच्याने काही झालेलं नाही. कल अनुवंशिक असतो. आजीची कोपरं आठवतात ना? मग घसा धरणं, थंडी, मनाचा ताण, सिगारेट असं काहीतरी निमित्त होतं. खरचटलं तिथेही नवा चट्टा उठू शकतो, म्हणून बाबांना खाजवू देऊ नकोस, आंघोळीनंतर लगेच खोबरेल लाव.

बाबा, तुम्ही औषध म्हणून घेता त्या बिनानावाच्या पुड्यांची मला खरी भीती वाटते. अशा पुड्यांत कधी कधी स्टिरॉइड असतं. चट्टे पटकन जातात आणि पुडी अचानक थांबवली की दुप्पट भडकतात, कधी अंगभर. म्हणून त्या सोडायच्याच आहेत, पण मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनीही सोरायसिस वाढतो, तेव्हा तीही पट्टी सोबत न्या. तीसुद्धा परस्पर थांबवू नका.

आणखी एक. बाबांच्या नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे आहेत. सकाळी शर्टाची बटणं लावताना बोटं आखडलेली असतात, ती तुम्ही वयावर ढकलता. सोरायसिस सांध्यांतही उतरू शकतो आणि उशीर झाला तर सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात. डॉक्टरांना हे आधी सांगा.

मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहतो. मलमं आहेत, प्रकाशोपचार आहे, गोळ्या-इंजेक्शनं आहेत. मेथोट्रेक्झेट दिलं तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही. आई, हे तू कॅलेंडरवर लिहून ठेव.

शनिवारी सकाळी ससूनला जाऊ. मी शुक्रवारी रात्री पोचते, छकुलीला घेऊन.

तुमची,
मनू