बेळगावच्या उद्यमबागेतल्या मेस्त्रीमामांना, जीपच्या एका पॅकिंगबद्दल

मेस्त्रीमामा, सप्रेम नमस्कार.

पाऊस ओसरला, कणकुंबीकडची वाट मोकळी झाली आणि आमच्या जीपच्या मागच्या हौसिंगमधून, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरांच्या लोखंडी पेटीतून, अख्ख्या पावसाळ्यात तेलाचा थेंब गळला नाही. फोनवर दोन वाक्यांत सांगून माझं समाधान होईना, म्हणून हे जाहीर पत्र. आमच्या खानापूर तालुक्यात जुन्या जीपा जिवापाड सांभाळणारे अजून बरेच जण आहेत, त्यांच्याही हे उपयोगी पडावं.

गाडी वडिलांनी घेतलेली. जांबोटीच्या वरच्या अंगाला आमचं शेत. पावसात तिथवर खत-बियाणं पोचवायचं तर हीच गाडी लागते. यंदा मिरगाच्या तोंडावरच त्या हौसिंगच्या, म्हणजे डिफरन्शियलच्या, झाकणातून तेल झिरपायला लागलं. एका गॅरेजात झाकण नीट न पुसताच वर सिलिकॉनचा थर थापून दिला. तेलकट लोखंडावर सिलिकॉन धरणार कसं? घरी पोचेपर्यंत खाली परत ठिपके. दुकानात पॅकिंग, म्हणजे झाकण आणि हौसिंगच्या मधे बसणारा गॅस्केटचा कागद, मागायला जावं तर आधी आरसी बुक मागायचे. मॉडेल सांगा, साल सांगा. साल सांगितलं की पुडक्यातून एक पॅकिंग निघायचं, आणि झाकणावर धरून बघितलं की त्याची भोकं एकीकडे नि बोल्टांची दुसरीकडे.

तुम्ही साल विचारलंच नाहीत. "पॅकिंग राहूदे ओ, झाकण बघूया आधी," म्हणत थेट गाडीखाली शिरलासा. त्या एका वाक्यानं माझी वणवण थांबली.

विलीजच्या वाणाच्या या जीपा महिंद्रानं कित्येक दशकं बनवल्या, आणि मॉडेलागणिक त्यांचे अॅक्सल, म्हणजे हौसिंगसकट चाकांचे आस, बदलत गेले. त्यावर मालकांच्या करामती वेगळ्याच. कुणाचं क्राऊन-पिनियन, म्हणजे आतली मोठ्या-लहान दातेरी चाकांची जोडी, तुटलं की तो भंगारातून अख्खं हौसिंगच आणून बसवतो, कुणी रेशो बदलायला दुसऱ्या गाडीचा अॅक्सल चढवतो. त्यामुळे बुकातलं साल चेसिसपुरतं खरं, मागच्या हौसिंगला ते लागू असेलच असं नाही. हे मला तुम्ही गाडीखालूनच समजावलंत. बोल्ट दहा निघाले, तेव्हा मला वाटलं काम झालं. तुम्ही म्हणालात, "दहावर जाऊ नका, पुढच्या बारक्या हौसिंगलाबी दहाच असतात." आणि ते खरंच आहे. डाना ४४ नावाच्या अॅक्सलच्या जातीच्या मागच्या हौसिंगला दहा बोल्ट, पुढच्या डाना ३० लाही दहाच. झाकणाचा घेर आणि आकार मात्र वेगळा. झाकण उघडल्यावर तुम्ही दातही मोजायला लावलेत. क्राऊनचे त्रेचाळीस, पिनियनचे आठ, भागाकार ५.३८. हा रेशो वहीत लिहून ठेवा, पुढं कधी क्राऊन-पिनियन घ्यायची वेळ आली तर शोधत बसू नका, असंही बजावलंत.

त्याआधीची एक गोष्ट मी आता प्रत्येकाला सांगतो. तेल सोडण्यापूर्वी तुम्ही वरचा, तेल भरायचा प्लग ढिला करून बघितलात. तो गंजून बसलेला असेल आणि खालून तेल आधीच काढून टाकलं असेल, तर गाडी जागेवरच अडकते.

पण खरा उजेड पडला तो तुम्ही धुतलेलं झाकण सपाट पाट्यावर पालथं घातलंत तेव्हा. प्रत्येक बोल्टाच्या भोकाभोवती पत्रा आत दबलेला, आणि दोन बोल्टांच्या मधला भाग पाट्यापासून उचललेला. वर्षानुवर्षं गळती दिसली की आवळ, परत दिसली की आणखी आवळ, यानं पत्र्याची ही गत झालेली. म्हणजे अगदी बरोबर मापाचं पॅकिंग मिळालं असतं तरी ते गळलंच असतं! तुम्ही एकेक भोक आतून हलक्या हातोडीनं ठोकत, दर वेळी पाट्यावर टेकवून बघत, कड सरळ केलीत. या कामाला किती वेळ गेला त्याचा हिशेब तुम्ही बिलात धरला नाहीत. मी मात्र विसरलेलो नाही.

तयार पॅकिंग नव्हतंच, म्हणून तुम्ही कापलंत. झाकणाच्या कडेला ग्रीसचं बोट फिरवून पॅकिंग पेपरवर ठसा घेतलात. भोकांसाठी पंच शोधत न बसता बेअरिंगचा छर्रा कागदावर ठेवून, खाली भोक चाचपून, वर एक टोला. गोल तुकडा अलगद खाली पडायचा. दोन बोल्ट घालून कागद जाग्यावर धरलात आणि बाकीची कड हातोडीच्या गोल तोंडानं टिचत टिचत उतरवलीत. मी अगदी जवळून बघत होतो. एकही भोक फाटलं नाही.

बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळलेत. मग सपाट जागी गाडी उभी करून नव्वद नंबरचं गिअर ऑइल, भरायच्या भोकातून ओघळेपर्यंत. आणि निघता निघता ब्रीदर, म्हणजे हौसिंगमधल्या हवेला वाट देणारी तोटी, काढून दाखवलात, चिखलानं ठार बुजलेला. घाट चढताना हौसिंग तापतं, आतली हवा फुगते, तिला वाट मिळाली नाही की ती सीलमधून तेल बाहेर ढकलते. तापलेलं हौसिंग ओढ्याच्या थंड पाण्यात शिरलं की उलट पाणी आत ओढलं जातं आणि तेल दुधाळ होतं. आमच्या भागात ओढे किती ते तुम्हाला ठाऊक आहे. आता ब्रीदरला रबरी नळी जोडून ती वर चेसिसपर्यंत नेली आहे, तुम्ही सांगितल्याप्रमाणे.

मामा, तुम्हाला दुसऱ्या कुठल्या जीपचं पॅकिंग माझ्या हातात ठेवून पैसे घेता आले असते, आणि मी ते घेऊनही गेलो असतो. तुम्ही अर्धा दिवस घालवलात आणि वर एक जादा पॅकिंग कापून कागदात गुंडाळून दिलंत. मनापासून आभार. मामींनाही नमस्कार सांगा. त्या दिवशी जेवणाची वेळ टळली तरी त्यांनी मलाही वाढलं.

एक विनंती आहे. माझा पुतण्या आयटीआयला मोटर मेकॅनिक शिकतोय. शनिवारी दुपारनंतर मोकळा असतो, खानापुराहून बेळगावला येऊ शकतो. हात काळे करायला तयार आहे, पगार नको म्हणतो. तुमच्याजवळ त्याला उभं राहू द्याल का? होकार कळवलात तर येत्या शनिवारीच त्याला घेऊन येतो.

आपला,
जांबोटीकडचा जीपवाला