ताई, तुम्ही पट्टे सैल केलेत

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या लक्षात असेन असं नाही. नाकाच्या दांड्यावर लाल व्रण घेऊन आलेला आणि खुर्चीत नीट बसायच्या आधीच "हे मशीन परत घेता येईल का?" असं विचारणारा तो मी. शेजारी माझी बायको होती, आणि तिच्या हातात उशी होती. अपॉइंटमेंटसाठी फोन केला तेव्हा तुम्हीच सांगितलं होतं, "रोज ज्या उशीवर झोपता ती घेऊन या." उशी कशाला, हे आम्हाला कळलं नव्हतं. कळायला पुढचे दोन तास लागले, आणि मशीनचा मास्क तुम्ही मला नीट बसवून दिलात, त्या दोन तासांसाठी हे पत्र आहे. ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण सीपॅप मशीन, म्हणजे झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून हवा देणारं यंत्र, कपाटात ठेवून पुन्हा घोरायला लागलेली माणसं मी पाहिली आहेत. मीही त्याच वाटेवर होतो.

माझ्या स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेत केलेल्या तपासणीत, तासाला 38 वेळा श्वास अडकत असल्याचं दिसलं होतं. या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात, आणि 30 च्या वर गेलं की तीव्र. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, श्वासाची वाट मिटते, दहा-दहा सेकंद आणि कधी त्याहून जास्त वेळ हवाच आत जात नाही, मग मेंदू दचकून उठवतो. मशीन दाबाने हवा सोडून ती वाट उघडी ठेवतं. एवढं डॉक्टरांनी छान समजावलं होतं आणि मला ते पटलंही होतं. मास्कबद्दल मात्र कोणी काही बोललं नव्हतं. मशीन द्यायला आलेल्या माणसाने मला खुर्चीत बसवलं, "चेहरा मोठा आहे, तोंड उघडं ठेवून झोपता, तुम्हाला हाच लागणार" म्हणत नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क चढवला, पट्टे ओढले आणि दहा मिनिटांत तो गेलाही.

पुढचे तीन आठवडे आठवले तरी अंगावर काटा येतो. रात्री दोनच्या सुमाराला मास्कच्या वरच्या कडेतून हवेची बारीक धार डाव्या डोळ्यात शिरायची. मी पट्टा एक घर ओढायचो. धार उजवीकडे जायची. पुन्हा ओढायचो. सकाळी डोळे लाल, दांड्यावर वळ, आणि डोकं आधीपेक्षा जड. ज्याला विचारावं तो म्हणायचा, "सवय होईल." सवय होत नाही म्हणजे आपल्यातच जिद्द कमी आहे, असं मी मनाशी धरून बसलो होतो. आजारापेक्षा हे जास्त लागलं होतं.

तुम्ही मशीनचा रिपोर्ट पाहिलात, पण पहिला प्रश्न रिपोर्टचा नव्हता. "तुम्ही झोपता कसे? आडवे होऊन दाखवा." मी उशी ठेवून डाव्या कुशीवर झोपलो. तुम्ही मशीन माझ्या रोजच्या प्रेशरवर, 11 वर लावलंत आणि माझ्या डोळ्याजवळ नुसतं बोट धरलंत. बसल्यावर घट्ट वाटणारा मास्क आडवं होताच गळायला लागला होता. गालाचं मांस खाली सरकतं, उशी मास्कला कडेने ढकलते, बसलेला चेहरा आणि झोपलेला चेहरा एक नसतो. तीन आठवडे मी रोज रात्री बसून पट्टे बांधत होतो.

मग तुम्ही जे केलंत ते मी जन्मभर विसरणार नाही. चारही पट्टे पूर्ण सैल केलेत. मी म्हणालो, "अहो, आता तर सगळीच हवा जाईल." तुम्ही मास्क दोन बोटांत धरून चेहऱ्यापासून थोडा वर उचललात आणि अलगद सोडलात. सिलिकॉनची ती पातळ कड हवेने फुगली आणि चेहऱ्यावर आपोआप बसली. फुसफुस कमी झाली. "मास्क दाबायचा नसतो, टेकवायचा असतो. उरलेलं काम हवेला करू द्या." कड दुपदरी असते, आतला पातळ पदर हवेने फुगून चेहऱ्याला चिकटतो आणि पट्टा जास्त ओढला की तोच पदर दुमडून हवेला वाट करून देतो, हे तुम्ही मास्कचं कुशन, म्हणजे ती सिलिकॉनची गादी, हातात देऊन दाखवलंत. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत, ही तुमची खूण मी आजही रोज तपासतो.

तेव्हाच बोलता बोलता तुम्ही सांगितलंत की ऑस्ट्रेलियात कॉलिन सुलिव्हान यांनी ही उपचारपद्धत शोधली, 1981 मध्ये ती जगापुढे आली, आणि सुरुवातीच्या रुग्णांसाठी नाकाचा साचा घेऊन मास्क बनवायचे, तो रोज रात्री सिलिकॉनने चेहऱ्याला चिकटवावा लागायचा. मला त्या माणसांबद्दल फार आदर वाटला. आणि थोडा धीरही आला.

मोठा मास्क सुधारला तरी दांड्यावरचा व्रण भरायला जागा हवी होती. तुम्ही मला तोंड मिटून पाच मिनिटं नुसतं नाकाने श्वास घ्यायला लावलंत. जमलं. "नाक मोकळं आहे. घसा बंद पडतो म्हणून तुम्ही तोंड उघडत असाल. हवेचा दाब मिळाला की बऱ्याच जणांचं तोंड मिटतं." डॉक्टरांना फोन करून विचारलंत आणि मगच दुसरे मास्क काढलेत. आधी नाकपुड्यांना टेकणारे पिलोज. हलके होते, चष्माही घालता येत होता, पण 11 च्या दाबाला नाकपुड्या चुरचुरायला लागल्या. मग फक्त नाकावर बसणारा मास्क. मी सवयीने मोठा साइज मागितला. तुम्ही मापाची पट्टी नाकाला लावलीत आणि स्मॉल काढून दिलात. चेहरा मोठा असला तरी नाकाच्या मास्कचं माप नाकावरूनच घ्यायचं, ही साधी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. प्रत्येक मास्क लावून तुम्ही मला दोन्ही कुशींवर आणि उताणं, असं वीस-वीस मिनिटं झोपवलंत. बाहेर लोक थांबले होते, तरी घाई केली नाहीत.

एका गोष्टीसाठी वेगळे आभार मानायचे आहेत. जुन्या मास्कच्या पुढच्या बारीक छिद्रांवर मी चिकटपट्टी लावली होती, आवाजाने बायकोची झोप मोडू नये म्हणून. ती दिसताच तुमचा चेहरा बदलला. रागावला नाहीत, पण पट्टी लगेच काढून टाकलीत. सोडलेला श्वास बाहेर जाण्यासाठीच ती छिद्रं असतात, ती बंद केली तर तोच कार्बन डायऑक्साइड पुन्हा आत घेतला जातो. "ही गळती हवीच, बाकीची नको." हे वाचणाऱ्या प्रत्येकाने एवढं तरी लक्षात ठेवावं म्हणून लिहितोय. चुंबकाच्या क्लिपचा मास्क दाखवण्याआधीही तुम्ही, मला किंवा शेजारी झोपणाऱ्या कोणाला पेसमेकर आहे का, ते विचारून घेतलंत. शेजारी झोपणाऱ्याचा विचार मला सुचलाच नसता.

घरी गेल्यावर लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. चौथ्या रात्री घसा कोरडा पडून जाग आली. फोनवर तुम्ही ह्युमिडिफायर, म्हणजे मशीनची हवा दमट करणारा भाग, एक घर वाढवायला सांगितलंत. तो वाढवला तर नळीत पाणी जमून गुरगुर सुरू झाली, मग नळीला कापडी आवरण घातलं. संध्याकाळी पेपर वाचताना अर्धा तास मास्क लावून बसायचं, झोपण्याआधी तोंड धुवायचं पण क्रीम लावायचं नाही, सकाळी कुशन सौम्य साबणाने धुवायचं, हेही चालू ठेवलं. हळूहळू नुसतं मास्क हातात घेतल्यावर होणारी छातीतली धडधड थांबली. केव्हा थांबली ते सांगता येणार नाही.

आता रिपोर्टमध्ये 38 च्या जागी 3 दिसतात. पण तुम्हाला कळवायची बातमी दुसरीच आहे. मला परवा समजलं की कित्येक वर्षं बायको रात्री माझ्या छातीवर हात ठेवून झोपायची. हात वर-खाली व्हायचा थांबला की हलवून उठवायची. हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. आता ती भिंतीकडे तोंड करून, पांघरूण डोक्यावर घेऊन झोपते.

माझ्या धाकट्या भावाची स्लीप स्टडी गेल्या आठवड्यात झाली. त्याला दाढी आहे, पालथं झोपायची सवय आहे आणि मशीनचं नाव काढलं की तो विषय बदलतो. पुढच्या महिन्यात त्याला घेऊन येतोय. मास्कबद्दल मी त्याला काही सांगितलेलं नाही, ते तुम्हीच सांगा. फक्त येताना उशी बरोबर घे, असं म्हणालोय.

तुमचा ऋणी,
डाव्या कुशीवर झोपणारा तुमचा एक रुग्ण