'युसेबिया' म्हणजे भक्ती नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला सॉक्रेटिसवरचा लेख आवडला, पण त्यात 'युसेबिया' या ग्रीक शब्दाचा अर्थ सरळ 'भक्ती' असा दिलाय आणि तिथे मी अडखळले. मी डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र शिकले, या शब्दावर माझा तेव्हापासून जीव आहे, म्हणून राहवत नाही.

यातला 'यु' म्हणजे आपला संस्कृतातला 'सु'च, चांगलं या अर्थाचा. पुढचा 'सेब' ऐकून पुष्कळांना 'सेवा' आठवते पण त्याचा सेवेशी काही संबंध नाही. भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं 'त्यज्' या धातूशी लावतात, म्हणजे ज्याच्यापासून आपला 'त्याग' आला तोच. मूळ अर्थ मागे सरणं, काहीतरी फार मोठं समोर आलं की माणूस आपोआप एक पाऊल मागे घेतो ना, ते. आणि 'भक्ती' आली 'भज्' पासून, वाटून घेणं, वाटेकरी होणं, 'भाग' हा शब्दसुद्धा तिथलाच. म्हणजे बघा, एक शब्द जवळ जाण्याचा आणि दुसरा अंतर राखण्याचा. आपल्या वारकऱ्याला विठोबाला कडकडून भेटायचं असतं, ती भक्ती. पण माझी आजी तांबड्या जोगेश्वरीच्या देवळातून निघताना देवीकडे पाठ करायची नाही, हात जोडून तशीच उलट्या पावलांनी उंबऱ्यापर्यंत यायची, आणि युसेबिया म्हटलं की मला तीच दिसते.

शिवाय ग्रीकांकडे ही गोष्ट फक्त देवापुरती नव्हती, आईवडील, गेलेली माणसं, आपलं गाव, सगळ्यांचं जे देणं लागतो ते नीट देणं यात येतं. सॉक्रेटिसवर इ.स.पू. ३९९ मध्ये खटला झाला तो याच्याच उलट शब्दावर, 'असेबिया'. त्याला देवाबद्दल प्रेम वाटत नाही असा आरोप नव्हताच, शहर जे देव मानतं ते हा मानत नाही, नवीनच काहीतरी आणतो आणि पोरं बिघडवतो असा होता. लेखात 'अभक्ती' छापलंय त्यामुळे हा खटला नक्की कशाचा होता तेच वाचणाऱ्याला कळत नाही.

आणि या शब्दाचं भाषांतर आपल्याच देशाच्या राजाने करून ठेवलंय, उलट्या बाजूने! १९५८ साली कंदाहारला सम्राट अशोकाचा लेख सापडला, एकाच खडकावर वर ग्रीक, खाली अरेमाइक (पश्चिम आशियातली एक जुनी भाषा). त्यात राज्याची दहा वर्षं झाल्यावर राजा 'पियोदस्सेस' म्हणजे आपला प्रियदर्शी, याने लोकांना युसेबिया दाखवली असं म्हटलंय. 'धम्म' या शब्दाला तिथल्या लेखनिकाने हाच ग्रीक शब्द निवडला (अरेमाइकमध्ये त्या जागी 'सत्य' आहे). पुढे काय आहे तर राजा आणि इतर लोक प्राण्यांना मारत नाहीत, राजाच्या शिकाऱ्यांनी आणि कोळ्यांनीसुद्धा शिकार सोडली, माणसं आईवडिलांचं आणि थोरांचं ऐकतात. यात पूजा नाही, नवस नाही. सगळं वागणं आहे. आपल्या पुण्याजवळ कार्ल्याच्या चैत्यात खांब दान केलेल्या यवनांची (तेव्हा ग्रीकांना यवन म्हणत) नावं कोरलेली आहेत, ती बघताना मला दरवेळी वाटतं की या माणसांना धम्म समजावताना कोणी ना कोणी हाच शब्द वापरला असेल.

मग मराठीत काय म्हणायचं? मला 'मर्यादा' सुचतो. 'थोरामोठ्यांची मर्यादा ठेव' असं आपण म्हणतो त्या अर्थाने, हद्द या अर्थाने नाही. त्यात आदर आहे, थोडी भीती आहे, अंतर आहे आणि वागणंही आहे. एवढा अर्थ नको असेल तर 'आदर' चालेल, किंवा 'युसेबिया' तसाच ठेवून कंसात दोन ओळी द्या.

लेखमालेचा पुढचा भाग प्लेटोवर आहे असं छापलंय, त्यात हा शब्द परत येणारच, तेव्हा तेवढी दुरुस्ती करावी ही कळकळीची विनंती.

आपली,
एक नियमित वाचक, शनिवार पेठ, पुणे