चिमणीच्या गोळीबद्दल, सविस्तर

प्रिय आई, बाबा,

परवा फोनवर आई एकच वाक्य बोलली आणि गप्प झाली. "आठ वर्षांच्या पोरीला बीपीची गोळी?" मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. चिमणी मांडीला मांडी लावून शेजारीच बसली होती आणि तिच्यासमोर सगळंच बोलायचं नव्हतं. म्हणून लिहितेय. पत्र लांबेल, पण दोघांनी मिळून सावकाश वाचा. बाबा, शेवटचा भाग तुमच्यासाठी आहे, तो टाळू नका.

आई, चिमणीला बीपी नाहीये. तिचं बीपी तिच्या वयाला असावं तसंच आहे. दुखणं वेगळं आहे. आपल्या शरीरात फायब्रिलिन नावाचं एक प्रथिन असतं. जिथे जिथे ताण सोसायचा असतो तिथली वीण ते घट्ट धरून ठेवतं. डोळ्यातलं भिंग ज्या बारीक धाग्यांवर तोललेलं असतं ते धागे, सांध्यांचे बंध, आणि हृदयातून निघणारी महाधमनी. चिमणीच्या अंगात हे प्रथिन नीट बनत नाही. या आजाराला मारफान सिंड्रोम म्हणतात. साधारण पाच हजारांत एकाला तो असतो. पॅरिसच्या आंत्वान मारफान या डॉक्टरांनी 1896 मध्ये पाच वर्षांच्या एका मुलीची लांबसडक बोटं आणि हातपाय पाहून त्याची पहिली नोंद केली. त्यामागचं जनुक सापडायला मात्र 1991 उजाडलं.

डोळे, पाठ, सांधे यांची काळजी घ्यावी लागेलच, पण भीती आहे ती महाधमनीची. हृदयाचा प्रत्येक ठोका रक्ताचा धक्का घेऊन तिच्या मुळाशी आदळतो. भिंत चिवट असेल तर ती ताणते आणि परत जागेवर येते. चिमणीची भिंत ताणते, पण पूर्ण परत येत नाही. वर्षानुवर्षं असं होत राहिलं की ते मूळ फुगत जातं, आणि फार फुगलं की एक दिवस आतून चिरतं.

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करताना मी तिचा हात धरून उभी होते. खोलीत अंधार होता, छातीवर गार जेल लावलं होतं आणि ती एकटक स्क्रीनकडे बघत होती. तंत्रज्ञ ताईंनी चित्र थांबवलं, महाधमनीच्या एका काठावर एक फुली ठेवली, समोरच्या काठावर दुसरी, आणि मध्ये आकडा उमटला. 29 मिलीमीटर. मोठ्या माणसात हा आकडा कुणी मनावरही घेतला नसता. पण लेकरू वाढतंय, तर तिची महाधमनीही वाढणारच. म्हणून डॉक्टर नुसते मिलीमीटर बघत नाहीत, तिच्या अंगलटीच्या मुलांमध्ये ती किती असायला हवी त्याच्याशी ताडून बघतात. त्या तुलनेला झेड स्कोअर म्हणतात. शून्य म्हणजे अगदी सरासरी, दोनच्या वर गेलं की मोठी. चिमणीचा तीनच्या थोडा वर आहे. फ्रॉक अंगाबरोबर वाढला तर चालतं, अंगाच्या पुढे पळायला लागला की अडवायचा, असं मी ते स्वतःला समजावलंय.

अडवण्याचं काम गोळीचं. तिला लोसार्टन सुरू केलंय. बीपीच्या रुग्णांना देतात तीच गोळी, पण इथे ती महाधमनीवरचा ताण कमी करायला आहे. दुसरी जुनी वाट बीटा ब्लॉकरची. त्या औषधाने ठोके संथ होतात आणि प्रत्येक धक्क्याचा जोर उतरतो. 1994 मध्ये त्याची पहिली मोठी चाचणी छापून आली. रुग्ण 70 होते, साधारण दहा वर्षं पाहिले, आणि प्रोप्रानोलॉल घेणाऱ्यांची महाधमनी सावकाश वाढली.

लोसार्टनची गोष्ट मी रात्र रात्र जागून वाचली आहे, त्यामुळे थोडी सांगतेच. 2006 मध्ये मारफान असलेल्या उंदरांवर प्रयोग झाला आणि लोसार्टनने त्यांच्या महाधमनीचं फुगणं जवळजवळ थांबलं. दोन वर्षांनी 18 मुलांची माहिती आली. आजार तीव्र होता आणि बाकी औषधांनी फरक पडत नव्हता, अशी ही मुलं. त्यांची महाधमनी वर्षाला सरासरी साडेतीन मिलीमीटरने वाढत होती, लोसार्टन किंवा त्याच जातीचं औषध सुरू केल्यावर हे वाढणं अर्ध्या मिलीमीटरच्याही खाली आलं. त्या वेळी किती आईबापांनी हात जोडले असतील! मग 2014 मध्ये मोठी चाचणी आली. सहा महिन्यांच्या बाळापासून 25 वर्षांपर्यंतचे 608 रुग्ण, निम्म्यांना लोसार्टन, निम्म्यांना अटेनोलॉल हा बीटा ब्लॉकर, तीन वर्षं. दोन्हींत फरक निघाला नाही. जादूच्या औषधाची वाट बघणाऱ्यांना ते लागलं. मला मात्र त्याच चाचणीने धीर दिला, कारण दोन्ही गटांत झेड स्कोअर उतरत होता. म्हणजे फ्रॉक पुन्हा अंगाला बसायला लागला होता.

2022 मध्ये अशा अनेक चाचण्यांमधल्या रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली. लोसार्टनच्या जातीच्या औषधांनी झेड स्कोअर वाढण्याचा वेग जवळपास निम्मा होतो आणि बीटा ब्लॉकरचा गुणही तेवढाच येतो, असं दिसलं. गरज पडली तर दोन्ही मिळून देता येतात. आई, म्हणूनच तू म्हणालीस ते "मोठी झाल्यावर बघू" मला पटत नाही. निम्म्या वेगाने दहा वर्षं गेली तर केवढा पल्ला वाचतो! आत्ता तिला काही त्रास नाही, हीच तर गोळी सुरू करायची वेळ आहे.

गोळीने आजार बरा होत नाही, हे मी स्वतःपासूनही लपवत नाही. ही औषधं वेळ मिळवून देतात. महाधमनी 50 मिलीमीटरच्या आसपास पोचली की ती फाटायच्या आत, ठरवून शस्त्रक्रिया करतात आणि फुगलेला भाग बदलतात. कदाचित चिमणीला ती कधीतरी लागेल. पण आठव्या वर्षाऐवजी तिशी-चाळिशीत लागणं, किंवा न लागणं, यासाठी रोजची अर्धी गोळी मला जड नाही. 1972 च्या एका अभ्यासात अशा रुग्णांच्या मृत्यूचं सरासरी वय 32 निघालं होतं. आज औषधं, नियमित इको आणि वेळेवर केलेली शस्त्रक्रिया यांमुळे बहुतेकजण इतरांसारखंच आयुष्य जगतात.

आई, या गोळीने किडनीला काही होईल का, असं तू विचारलंस, ते बरोबरच विचारलंस. म्हणून तर डॉक्टर अधूनमधून रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासतात. आत्तापर्यंत सगळं व्यवस्थित आहे. पहिल्या आठवड्यात झटकन उठलं की तिला गरगरायचं, आता तेही थांबलंय. ती मोठी झाल्यावर एक गोष्ट मीच तिला नीट सांगणार आहे, की ही गोळी गरोदरपणात चालत नाही, तेव्हा औषध आधीच बदलावं लागतं.

सुट्टीत ती तुमच्याकडे येईल तेव्हा गोळी रात्री जेवल्यावर, रोज त्याच वेळी द्या. मी अर्ध्या करून डबीत वारांप्रमाणे भरून देईन. ती एका चमच्यात थोडं पाणी घेऊन गोळी त्यात विरघळू देते आणि डोळे गच्च मिटून पिते. तिला ते स्वतःचं स्वतः करायला आवडतं, करू द्या. एखादा दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका. उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं तर आधी मला किंवा डॉक्टरांना फोन, कारण तेव्हा या गोळीने किडनीवर ताण येतो. आणि घरातल्या उरलेल्या गोळ्यांमधली सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक्स तिला चुकूनही देऊ नका. त्या जातीच्या औषधांनी महाधमनीला धोका वाढतो. पळू दे, सायकल चालवू दे, पोहू दे. वजनं उचलणं आणि धक्काबुक्कीचे खेळ मात्र नकोत. छातीत किंवा पाठीत अचानक फाडल्यासारखी कळ आली, तर अॅसिडिटी समजून वाट बघायची नाही, तडक हॉस्पिटल.

आता बाबा.

चिमणीच्या तपासणीनंतर माझीही झाली. जनुकातला तोच बिघाड माझ्यातही आहे. माझी महाधमनी 41 मिलीमीटर आहे आणि मलाही औषध सुरू झालंय. आईला मुद्दाम सांगितलं नव्हतं, राग मानू नका. चारातल्या एका रुग्णात हा बिघाड नव्यानेच होतो, बाकीच्यांत तो आईकडून किंवा वडिलांकडून येतो. मी लहान असताना तुम्ही एक गंमत करून दाखवायचात. एका हाताच्या अंगठ्याने आणि करंगळीने दुसऱ्या मनगटाला वेढा घालायचात, आणि ती दोन्ही बोटं एकमेकांवर चढायची. मला वाटायचं माझ्या बाबांचे हात जगात सगळ्यात मोठे. चिमणीला तपासताना डॉक्टरांनी तिला नेमकं हेच करायला सांगितलं, आणि मला तुमचा हात दिसला. नंतर त्यांनी तिला अंगठा आत ठेवून मूठ मिटायला सांगितली. नख पलीकडून पूर्ण बाहेर आलं. बाबा, हे वाचून झालं की तुम्हीही करून बघा. नुसत्या हातावरून निदान होत नाही, पण इको करायला एवढं पुरेसं आहे.

आणि काका. ते 39 वर्षांचे होते. पाठीत भयंकर कळ आली म्हणाले आणि दोन तासांत गेले. सगळ्यांनी हार्ट अटॅक म्हटलं, आपणही तेच धरून चाललो. आता मला तसं वाटत नाही.

तुम्ही फोनवर म्हणालात, "आमच्याच घराण्यातून आलं म्हणजे." बाबा, ज्याच्यात हा बिघाड आहे त्याच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. यात कुणाचं काही चुकत नाही. तुमची उंची, तुमची बोटं, तुमचं हसणं मी घेतलं, त्याबरोबर हेही आलं. यासाठी तुम्ही झुरलात तर मला ते गोळीपेक्षा जड जाईल. पण इको मात्र कराच. मी रजा टाकली आहे, येते आहे, आपण दोघं बरोबर जाऊ. आईने ऐकताना घाबरू नये म्हणून तिलाही आत घेऊ.

काकांचे जुने फोटो काढून ठेवा, हात नीट दिसत असतील असे. आणि त्यांच्या दोन्ही मुलांची तपासणी व्हायला हवी, थोरला आता छत्तिशीचा आहे. काकूंना फोन तुम्ही करता की मी करू, तेवढं आजच कळवा.

तुमची,
ताई