‘अचानक’ कसे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

प्रशिक्षण विमान शेतात उतरवावे लागल्याची आपली कालची बातमी वाचली. मथळा आहे ‘इंजिन अचानक बंद’, आणि शेवटच्या ओळीत ‘इंधनात पाणी आढळल्याचे समजते’. मग अचानक काय झाले? पाणी टाकीत कुठून शिरले, सकाळी नमुना कोणी काढला, हे आपल्या बातमीदाराला विचारावेसेच वाटले नाही का?

मी तीस वर्षे छोट्या विमानांची देखभाल केली. १९९४ चा जुलै. एक सेसना १५२ तीन दिवस पावसात उघड्यावर उभी होती. उड्डाणापूर्वी पंखाखालच्या ड्रेनमधून, म्हणजे टाकीच्या तळाच्या तोटीतून, पारदर्शक नळीत इंधन काढून बघायचे असते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी बसते आणि मध्ये रेषा दिसते. विद्यार्थ्याने नळी भरून दाखवली. “सर, एकदम स्वच्छ. रेषाच नाही.” मी ती पंखाच्या पांढऱ्या पत्र्यासमोर धरली. रेषा कुठून दिसणार, नळीभर पाणीच होते! आमचे १०० एलएल, म्हणजे छोट्या विमानांचे पेट्रोल, फिकट निळे असते, त्या निळ्याचा त्यात मागमूस नव्हता. बोटाला वासही येईना. सातव्या नळीला कुठे निळे दिसू लागले.

टाकीच्या झाकणाचा रबरी वायसर कडक होऊन चिरला होता. नवा मागवा म्हणून मी दोन महिने आधी लेखी दिले होते. विमान थांबवले म्हणून वरिष्ठांनी त्या पोरासमोर मलाच झापले. “पाणी निघालं ना? मग सोडा आता.” मी सोडले नाही. कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर इंजिन छान सुरू होते, विमान धावपट्टीही सोडते आणि दोन-तीनशे फूट उंचीवर पाणी इंजिनात पोचते. तिथून मागे वळायला जागा नसते. पोरगा एकोणीस वर्षांचा होता. तो वायसर पुढेही पंधरा दिवस आला नाही, याचा राग मला आजही आहे.

१९९९ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात तेलशुद्धीकरण कारखान्यातूनच विमानाच्या पेट्रोलमध्ये रसायनाचा अंश गेला होता. २००० च्या जानेवारीत तिथल्या विमानसुरक्षा यंत्रणेने पिस्टन इंजिनांची हजारो विमाने जमिनीवर ठेवली. आपल्याकडे एक विमान एक दिवस थांबवले तरी तंत्रज्ञाला बोलणी खावी लागतात.

वैमानिकाच्या प्रसंगावधानाचे कौतुक आपण केलेत, ते योग्यच आहे. पण त्या विमानाच्या झाकणाचा वायसर शेवटचा कधी बदलला आणि त्या सकाळी नळी कोणाच्या हातात होती, हे विचारून पुढची बातमी द्यावी, ही कळकळीची विनंती.

आणखी एक. दोन आसनांच्या विमानाच्या बातमीशेजारी आपण चार इंजिनांच्या जेटचे छायाचित्र छापले आहे. मुलांना विमानशाळेत पाठवणारे पालक ही पाने वाचतात. निदान चित्र तरी बरोबर द्या.

– एक निवृत्त विमान तंत्रज्ञ, पुणे