'ब्रेक निकामी' होण्याआधी पॅडल सांगत असते

महोदय,

सुट्ट्या लागल्या की घाटातल्या अपघातांच्या बातम्या येतात. 'ब्रेक निकामी झाल्याने' एवढे लिहिले की बातमी संपते. 31 वर्षे एसटी चालवून मी निवृत्त झालो आहे. ब्रेक जाण्याआधी बहुतेक वेळा पॅडल काही दिवस सांगत असते, असा माझा अनुभव आहे. या मार्चमध्ये माझ्याच गाडीने ते सांगितले आणि मी नीट लक्ष दिले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझ्याकडे 2006 सालची छोटी पेट्रोल गाडी आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम. पॅडल जरा मऊ लागू लागले. पूर्वी पाय जिथे अडायचा, त्याच्या बोटभर खाली अडू लागला. गॅरेजवाला म्हणाला, ब्रेकच्या तेलात हवा धरलीय. त्याने हवा काढली. पोरगा आत बसून पॅडल पार तळापर्यंत मारत होता आणि मिस्त्री खालून चाकाजवळचे हवा सोडायचे निपल सोडत होता. दोन दिवस पॅडल छान टणक राहिले.

चौथ्या दिवशी सौ. आणि नातीला घेऊन पाचगणीहून पसरणी घाट उतरत होतो. पुढची बस थांबली म्हणून मीही थांबलो. ब्रेकवर नुसता पाय ठेवून उभा होतो, तर चिखलात रुतावा तसा पाय हळूहळू खाली जाऊ लागला आणि गाडी वीतभर पुढे सरकली. हँडब्रेक ओढला, पॅडल सोडून पुन्हा जोरात मारले, तर टणक! खरे म्हणजे गाडी तिथेच कडेला लावायला हवी होती. मी पहिल्या गिअरमध्ये हळूहळू वाई गाठली. नात मागे बसलेली असताना मी हे करायला नको होते.

एसटीला हवेचे ब्रेक. हवा उतरली की काटा दिसतो, बझर वाजतो. छोट्या गाडीत तेलाचे ब्रेक, आणि माझ्या ब्रेक ऑईलच्या बाटलीतले तेल थेंबभरही कमी झाले नव्हते. चारही चाकांच्या आतल्या बाजूने हात फिरवला, सगळे कोरडे. मग तेल कमी झाल्यावर लागणारा समोरचा ब्रेकचा दिवा तरी कशाने लागणार?

वाईतल्या दुसऱ्या मिस्त्रीने आधी पाना हातात घेतला नाही. त्याने विचारले, "काका, पॅडल कसं खाली जातं?" हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. स्पंजासारखे दबत असेल तर हवा. पहिल्यांदा खोल जाऊन दोनतीनदा मारल्यावर वर येत असेल, तर बहुधा मागच्या ड्रममधले, ब्रेक लावल्यावर घासणारे लायनर झिजलेत किंवा त्यांचे सेटिंग गेले आहे. घाटात तापल्यावर मऊ पडून गार झाल्यावर पूर्ववत होत असेल, तर तेल जुने झाले. आणि हलक्या पायाने दाबून धरल्यावर सावकाश खाली जात असेल, पण जोरात मारल्यावर टिकत असेल, तर मास्टर सिलिंडरचे, म्हणजे पॅडल दाबल्यावर तेल चाकांकडे ढकलणाऱ्या सिलिंडरचे, आतले रबर गेले. तेल बाहेर गळत नाही, रबराच्या कडेने मागे बाटलीत परत येते. त्याने नळ्या सोडल्या आणि सिलिंडरची तोंडे बोल्ट लावून बंद केली. आता पॅडल दगडासारखे लागायला हवे होते. ते तरीही खाली गेले. शंका उरली नाही.

जुना सिलिंडर त्याने माझ्यासमोर उघडला. रोजच्या वापरात पिस्टन जेवढा सरकतो तेवढा भाग आरशासारखा चकचकीत होता. त्याच्या पुढे तपकिरी गंजाचे कडे, नखाला खरखरीत लागणारे. रबराच्या ओठाला तांदळाच्या दाण्याएवढा टवका गेला होता. हवा काढताना पॅडल तळापर्यंत मारले, तेव्हा रबर त्या गंजावरून घासले गेले असणार, असे तो म्हणाला आणि मला ते पटले. जुन्या गाडीची हवा काढताना पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा, पॅडल तळाला जाऊ देऊ नये, ही साधी गोष्ट प्रत्येक गॅरेजने पाळावी अशी माझी हात जोडून विनंती आहे. नुसते नव्या रबरांचे किट टाकायला मी नकार दिला. गंजलेल्या सिलिंडरमध्ये नवे रबर किती दिवस टिकणार? पूर्ण नवा बसवला.

गंजाचे मूळ तेलात असते. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढून घेते. नव्या डॉट 3 प्रतीच्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असतो, 3.7 टक्के पाणी मिसळले की हा किमान आकडा 140 वर येतो. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून चालवले की तेल उकळते, वाफ होते, आणि वाफ दबते म्हणून पॅडल खाली जाते. इंजिन ऑईल आपण आठवणीने बदलतो. ब्रेक ऑईल साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते, हे मला स्वतःला गाडी घेऊन सात वर्षे झाली तरी कुणी सांगितले नव्हते, मीही विचारले नाही.

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. त्या तपासणीत इंजिन चालू ठेवून पॅडल हलक्या पायाने अर्धा मिनिट दाबून बघण्याची सक्ती व्हावी. यंत्र लागत नाही, खर्च नाही. गॅरेजवाल्यांनी ब्रेक ऑईल बदलल्याची तारीख बिलावर लिहावी. आणि आपल्या वार्ताहरांनी 'ब्रेक निकामी' लिहिण्याआधी चालकाला एवढे जरूर विचारावे, की आदल्या आठवड्यात पॅडल कसे लागत होते.

– एक निवृत्त एसटी चालक, वाई, जि. सातारा