पार्ट बदलला म्हणजे गाडी दुरुस्त झाली असं नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मे महिन्यात ओंकारेश्वरहून इंदूरला परतताना भेरू घाटात आमची गाडी तापली. पुढे ट्रकांची रांग, गाडी पहिल्या गिअरमध्ये, आणि इंजिनच्या तापमानाचा काटा सरकत सरकत लाल रेघेला टेकला. ह्यांनी गाडी कडेला घेतली. मागच्या सीटवर सासूबाई, वय 86. पाऊण तास मी बाटलीतलं पाणी रुमालावर ओतून त्यांच्या कपाळावर धरत होते. बॉनेटमधून वाफ येत होती आणि माझ्या पर्समध्ये त्याच दुखण्याची तीन बिलं होती. तिन्ही भरलेली.

मी 34 वर्षं सरकारी लेखा विभागात काम करून निवृत्त झाले. व्हाउचर जपायची सवय हाडीमाशी खिळलेली आहे, म्हणून हे सगळं तारीखवार सांगू शकते. गाडी नऊ वर्षांची, पेट्रोलवरची. फेब्रुवारीत राजवाड्याजवळच्या गर्दीत पहिल्यांदा तापली. आम्ही ती एका मोठ्या, काचेच्या दारांच्या गॅरेजमध्ये नेली. त्यांनी थर्मोस्टॅट (इंजिनचं तापमान सांभाळणारी झडप) आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) बदललं: 3,940 रुपये. मार्चमध्ये पुन्हा तेच. वॉटर पंप बदलला: 7,310. एप्रिलमध्ये तिसऱ्यांदा. रेडिएटर, म्हणजे कूलंट थंड करणारी समोरची जाळी, साफ केला, झाकण नवीन बसवलं: 2,480. दर वेळी गाडी धुऊन, चकचकीत करून हातात दिली आणि दर वेळी सांगितलं, "अब कोई दिक्कत नहीं आएगी, मैडम."

पहिल्याच दिवशी मी काउंटरवरच्या मुलाला एक वाक्य स्वच्छ सांगितलं होतं: गाडी रस्त्यावर पळताना ठीक असते, गर्दीत थांबली की तापते. नंतर जॉब कार्डाची, म्हणजे गाडीची तक्रार लिहून घेतात त्या कागदाची, प्रत मागून घेतली तर त्यावर लिहिलं होतं, "जनरल चेकअप, कूलंट कम." माझं वाक्य कुठेच नव्हतं. खरं तर अख्खं निदान त्या वाक्यातच होतं, पण हे मला पुढे कळलं.

घाटातून गाडी क्रेनने त्याच गॅरेजमध्ये आली. या वेळी त्यांनी इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, उघडावं लागेल म्हणून 32,000 रुपयांचा अंदाज दिला. मी विचारलं, मग आधीच्या तीन दुरुस्त्या कशाच्या होत्या? उत्तर मिळालं, "पार्ट तो हमने नया डाला है, अब गाड़ी पुरानी है तो क्या करें?" मी जुना वॉटर पंप बघायला मागितला. तो भंगारात गेला होता. तो पंप खरंच खराब होता की नव्हता, हे आता जगात कुणीच सांगू शकत नाही. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. पैसे आमचे, गाडी आमची, त्यातून काढलेली वस्तूही आमची, आणि ती आम्हाला न विचारता नाहीशी होते.

हेड उघडायला मी नकार दिला. तेव्हा तपासणीचे 1,200 रुपये भरल्याशिवाय गाडी मिळणार नाही म्हणाले. ह्यांचा आवाज चढला होता, मी त्यांना बाजूला घेतलं. दुरुस्ती करणाऱ्याला आपल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवायचा हक्क 1872 च्या करार कायद्यात, कलम 170 मध्ये दिलेला आहे. दारात भांडून तो मोडता येत नाही. मी पैसे भरले आणि बिलाच्या त्यांच्या प्रतीवर आणि माझ्या प्रतीवर "आपत्ति सहित भुगतान" (हरकत नोंदवून पैसे भरले) असं लिहून तारीख टाकून सही केली. काउंटरवरच्या मुलाने त्याचा फोटो काढायला मनाई केली नाही. पैसे दिले म्हणजे काम मान्य केलं असं पुढे कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी हे शब्द.

मग शेजाऱ्यांच्या ओळखीने छावणीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. पत्र्याची शेड, दोन माणसं. त्यांनी आधी काही उघडलं नाही. मला विचारलं, "कब गरम होती है, बहनजी?" मी तेच वाक्य पुन्हा सांगितलं. त्यांनी इंजिन चालू केलं, एसी लावायला सांगितला आणि रेडिएटरच्या पंख्याकडे बघत उभे राहिले. पंखा फिरत नव्हता. फ्यूज बॉक्सचं झाकण काढून त्यांनी काड्यापेटीहूनही लहान असा एक काळा ठोकळा उपसला, शेजारचा हॉर्नचा तसाच ठोकळा काढून त्याच्या जागी बसवला, आणि पंखा घरघरत फिरू लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पंख्याचा रिले, म्हणजे पंख्याची वीज चालू-बंद करणारा स्विच, गेला होता. गाडी पळत असली की समोरचा वाराच रेडिएटर थंड करतो, थांबली किंवा घाटात रेंगाळली की पंख्याशिवाय इलाज नाही. नवा रिले 280 रुपये, मजुरी 200. त्यानंतर अख्खा जून गाडी गर्दीतून चालवली, काटा मधल्या रेघेपुढे गेला नाही.

मी त्यांना विनंती केली की काय सापडलं ते बिलावर लिहून द्या. त्यांनी हिंदीत चार ओळी लिहिल्या, किलोमीटरचा आकडा टाकला, शिक्का मारला. जुना रिले मी कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवला आहे.

इथे आमच्या घरात दोन तट पडले. पुण्याचा मुलगा म्हणाला, आई, सोडून दे. हे म्हणाले, चौदा-पंधरा हजारांसाठी कोर्टकचेरी कोण करणार? आपल्या मराठी घरांतून हे वाक्य फार ऐकू येतं, म्हणूनच हे पत्र लिहिते आहे. ही कोर्टकचेरी नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे देऊन घेतलेल्या सेवेत कसूर झाली तर तिला त्रुटी म्हटलं आहे, आणि ग्राहकाला सांगायला हवी ती माहिती जाणूनबुजून दडवणं हेही त्यातच येतं. सेवेसाठी दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. दुकान दुसऱ्या शहरात असलं तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. बिल द्यायला नकार देणं हीसुद्धा या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते, तेव्हा "बिल के बिना थोड़ा कम लगा देंगे" याला भुलू नये. मी भुलले असते तर आज हातात काहीच नसतं.

आधी मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. तिथे मराठीतूनही बोलता येतं, हे आपल्या इंदूरच्या किती वाचकांना ठाऊक आहे? हेल्पलाइन निकाल देत नाही, समोरच्याकडे तक्रार पोचवते. गॅरेजने उत्तर दिलं की पुढच्या सर्व्हिसिंगमध्ये काही सूट देऊ. ज्यांनी तीनदा चुकवलं त्यांच्याकडेच पुन्हा जायची ही सूट मी नाकारली. स्पीड पोस्टाने पंधरा दिवसांची नोटीस पाठवली, आणि उत्तर न आल्यावर ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार दाखल केली. कागद अपलोड करायला शेजारची कॉलेजातली मुलगी दोन संध्याकाळी येऊन बसली. मागणी साधी आहे: चार बिलांचे 14,930 रुपये, क्रेनचे 2,500, आणि झालेल्या त्रासाबद्दल आयोगाला योग्य वाटेल ती भरपाई.

न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. निदान चुकू शकतं. निष्णात डॉक्टरचंही चुकतं, मिस्त्री तर माणूसच. एकदा थर्मोस्टॅट बदलून बघितला, याबद्दल मी कुणाला आयोगापुढे नेलं नसतं. पण अंदाज आहे हे सांगायचं नाही, खात्री असल्यासारखं बोलायचं, आणि प्रत्येक फसलेल्या अंदाजाचं पूर्ण बिल ग्राहकाच्या माथी मारायचं, हे मला मान्य नाही. मी वॉटर पंप विकत घ्यायला गेले नव्हते. गाडी तापणं थांबावं म्हणून गेले होते. त्रुटी होती हे दाखवायची जबाबदारी माझी आहे, हेही मला माहीत आहे. म्हणूनच मिस्त्रींच्या त्या चार ओळी आणि माझं वाक्य न लिहिलेलं जॉब कार्ड, हे दोन कागद फाइलमध्ये सगळ्यात वर आहेत.

गॅरेजवाल्यांना आपल्या वृत्तपत्रातून माझी हात जोडून विनंती आहे. ग्राहक जे बोलतो ते त्याच्याच शब्दांत जॉब कार्डावर लिहा, आणि काढलेला पार्ट पिशवीत घालून परत द्या. वाचकांनी गाडी सोडतानाच हे मागावं, नंतर मागून उपयोग नसतो. आणि रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इथल्या मराठी मंडळांनी भजन-व्याख्यानांच्या जोडीला महिन्यातून एक संध्याकाळ तक्रार अर्ज भरून द्यायला ठेवली तर मी माझी फाइल घेऊन येईन. एकट्या राहणाऱ्या कितीतरी वयस्क बायका गाडी स्वतः चालवतात आणि काउंटरवर "आंटी को क्या समझेगा" असं धरून चाललं जातं. त्यांच्यासाठी तरी ठेवावी.

प्रकरण आयोगापुढे असल्याने गॅरेजचं नाव लिहिलेलं नाही, आपणही विचारू नये. कायद्याने त्यांना उत्तरासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात. त्यांचं उत्तर चव्वेचाळिसाव्या दिवशी आलं. त्यात "वाहन पुराना था" असं लिहिलं आहे, रिलेबद्दल एक अक्षर नाही. पुढची तारीख लागली आहे, त्या दिवशी कुंकवाची डबी मी सोबत नेणार आहे.

आपली नम्र वाचक,
एक निवृत्त लेखापाल, रामबाग, इंदूर
(नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे, कृपया छापू नये.)